तळघरातलं जड पाणी

मावशीच्या तळघरात पाणी यायला लागलं, तेव्हा बरेच दिवस तिने कुणाला पत्ताच लागू दिला नाही. घरात पाणी शिरणं म्हणजे तिच्या लेखी जवळजवळ अब्रूचा प्रश्न. रोज सकाळी ती फरशी फडक्याने टिपून घ्यायची, बादली मागच्या दाराने ओतून यायची आणि वर येऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, चहा टाकायची. पुढे भिंतीला पायापासून तडा गेला आणि त्यात तिचं बोट शिरायला लागलं, तेव्हा कुठे तिने भाचीला फोन केला. तोही आधी इकडच्या तिकडच्या भरपूर गप्पा मारून, निरोप घेता घेता.

त्यानंतर बांधकाम खात्याचा तपासनीस येऊन गेला. माणूस वाईट नव्हता, पण वाईट बातम्या सांगून सांगून त्याचा आवाज सपाट झाला होता. त्याने भिंत ठोकली, तड्यात विजेरी मारली आणि मावशीला समोर बसवून सांगितलं, "हे बघा बाई, पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं. रस्त्याखालची नळाची लाइन फुटली असेल, तर ती आम्ही दुरुस्त करू. शेजारच्या तळ्यातून झिरपत असेल, तर तळं कोरडं करावं लागेल. आणि जमिनीखालचंच पाणी वर चढलं असेल, तर पायाखालची माती रोज वाहून जातेय असं समजा. मग इथे राहता येणार नाही."

"राहता येणार नाही म्हणजे?"

"म्हणजे घर रिकामं करावं लागेल."

मावशी त्या घरात लग्न होऊन आली होती, तिथेच विधवा झाली होती, आणि शाळेत शिवण शिकवून आयुष्यभर त्याच घराची कौलं शाकारत आली होती. मूलबाळ नव्हतं. होतं ते हे घर, आणि एक भाची. भाचीला ती लहानपणापासून मुंगी म्हणायची, कारण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ही तिथे पोचायची.

तर ही मुंगी आता पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कुठल्या झऱ्याचं पाणी मुळात कुठून येतं हे शोधायचं, असं तिचं काम. मावशी लोकांना सांगायची, "आमची मुंगी पाण्याचं वजन करते. तिला एकदा दूधवाल्याकडे पाठवायला हवं."

थट्टा होती, पण फारशी चुकीची नव्हती. पाण्यात हायड्रोजन असतो हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. त्या हायड्रोजनाचे हजारोंमध्ये एखादे अणू इतरांच्या दुप्पट वजनाचे असतात, हे कुणी घोकत नाही, कारण ते परीक्षेत येत नाही. पण या जड अणूंचं प्रमाण पाणीपरत्वे बदलतं. ढगातून जड पाणी आधी पडून जातं, म्हणून दूर उंच डोंगरावर पडतं ते हलकं. उघड्यावर साठलेलं पाणी उन्हाने आटतं, तेव्हा हलकं आधी उडून जातं आणि जड मागे रेंगाळतं. म्हणून तळ्याचं पाणी जड. गावच्या नळाला डोंगरातल्या धरणाचं पाणी येत होतं. विहिरीचं, म्हणजे जमिनीखालचं पाणी या दोहोंच्या मधलं. तीन पाण्यांची तीन वजनं. तळघरातल्या पाण्याचं कुणाशी जुळतं ते बघितलं की झालं. भाचीने तपासनीसाला हे समजावून सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा हलला. "असं असेल तर तुमचं उत्तर येऊ द्या," तो म्हणाला. "मी तेच धरतो."

सुट्टीच्या दिवशी ती बाटल्या घेऊन आली. नळाचं पाणी भरलं, गल्लीच्या टोकाच्या विहिरीचं भरलं, आणि मग तळ्याचं भरायला शेजारी गेली.

शेजारी घड्याळवाले राहायचे. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. दुकान बंद करून वर्षं झाली तरी लोक बंद पडलेली घड्याळं घेऊन घरी यायचे आणि ते भिंग डोळ्याला लावून बसायचे. त्यांची बायको, जिला भाची काकू म्हणायची, दोन वर्षांपासून पलंगाला खिळून होती. कमरेखाली सगळं गेलेलं. हात चालायचे, पण कूस बदलता येत नसे. मान तेवढी वळायची. ती आजारी पडल्यावर घड्याळवाल्यांनी दोन घरांच्या मधल्या जागेत, तिच्या खिडकीच्या बरोब्बर खाली, स्वतः कुदळ घेऊन तळं खणलं होतं. त्यात तांबडे मासे सोडले, कडेने कमळं लावली.

"दिवसभर काय माझी घड्याळंच बघायची का तिने?" ते भाचीला म्हणाले. "काहीतरी असं हवं ना, जे किल्ली दिल्याशिवाय हलतं."

"त्यातल्या त्या पांढऱ्या ठिपक्याच्या माशाला बघ," काकू खिडकीतून म्हणाल्या. "तुझ्या मावशीसारखा आहे. दुसऱ्या कुणी खाल्लं की नाही ते आधी बघतो, मग स्वतः खातो."

भाचीने बाटली पाण्याखाली नेऊन काठोकाठ भरली आणि बूच पाण्यातच घट्ट लावलं. आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. राहिला तर पाणी त्यात आटतं आणि हिशेब बिघडतो.

आता राहिलं तळघर. ती जिना उतरून खाली गेली आणि कपाळावर हात मारून घेतला. फरशी लख्ख कोरडी. भिंतसुद्धा पुसलेली.

"मावशी! मी पाणी न्यायला आलेय!"

"अगं, तू येणार म्हणून तर पुसलं. त्या चिखलात तुला उतरवायचं?"

पाणी पुन्हा साठायला दुसरी सकाळ उजाडणार होती आणि भाचीला संध्याकाळच्या गाडीने परतायचं होतं. तेव्हा तिने एक रिकामी बाटली मावशीच्या हातात ठेवली. "काठोकाठ भरायची. बुडबुडा नको. बूच घट्ट." मावशीने शाळेतल्या मुलीसारखं तीनदा म्हणून दाखवलं. शिवणाची बाई होती ती. सांगितलेलं माप सूतभरही चुकवायची नाही.

आणि चुकवलं नाहीच. बाटली घेऊन ती स्वतः बसने प्रयोगशाळेत आली. काठोकाठ भरलेली, बूच घट्ट, वरून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. भाचीच्या वरिष्ठांनी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "असे नमुने आमची माणसं का आणत नाहीत?" मावशी लाजली.

पाणी यंत्रात घातलं की पहिली काही मोजमापं टाकून द्यायची असतात, कारण यंत्रात आधीच्या पाण्याचा अंश रेंगाळत असतो. भाचीने ती टाकली. मग खरे आकडे यायला लागले. नळ हलका, अपेक्षेप्रमाणे. विहीर मधली. तळं जड. आणि तळघर… तळघर सगळ्यांत जड. तळ्याहूनही जड.

ती खुर्चीत मागे रेलली. पहिला विचार सुटकेचा होता: नळ नाही, पण जमिनीखालचंही नाही. मावशीचं घर वाचलं. दुसरा विचार जरा कुरतडणारा होता. तळ्यातून झिरपलेलं पाणी तळ्याहून जड कसं असेल? मग तिने त्याचीही समजूत घातली. मधे पावसाची एक मोठी सर येऊन गेली होती. त्या सरीने तळं जरा हलकं झालं असेल, आणि तळघरात येतंय ते उन्हाळ्यातलं जुनं, जड पाणी असेल. समजूत तशी बरी होती. इतर कुणाचं घर असतं, तर तिने ती पाच मिनिटंही टिकू दिली नसती. पण मावशीचं घर होतं. तिने तपासनीसाला फोन केला आणि म्हणाली, "तळं."

मग तिने मावशीला फोनवर सांगितलं. मावशी रडायलाच लागली. "माझं घर राहतंय गं, मुंगे," एवढंच म्हणत राहिली.

पुढच्या सुट्टीला भाची पुन्हा गेली. गल्लीत शिरतानाच पंपाची घरघर ऐकू आली. दोन घरांच्या मधे घड्याळवाले गुडघाभर चिखलात उभे होते. तळं अर्धंअधिक उपसलं होतं. कमळांची पानं चिखलावर आडवी पडली होती, आणि मासे घरातल्या झाडून सगळ्या बादल्यांत, टबांत, काही तर चक्क स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्यात दाटीवाटीने फिरत होते.

"काका, इतक्या लवकर?"

"लवकर कसलं? तिच्या घराचा पाया जातोय आणि मी मुहूर्त बघत बसू?" ते हसले, पण नजर वर नाही केली. "तुमच्या यंत्रानं सांगितलं म्हणजे प्रश्न मिटला. मीही आयुष्यभर यंत्रावरच विश्वास ठेवलाय."

वर खिडकीत काकू होत्या. त्यांनी हात हलवला आणि मान दुसरीकडे वळवली. तेवढीच वळायची त्यांची, आणि ती त्यांनी भिंतीकडे वळवली. चूक कुणाची नाही, असं भाचीने स्वतःला बजावलं.

मावशीकडे गेली तर घर चिडीचूप. मावशीने चहा ठेवला होता आणि तो उतू चालला होता तरी तिचं लक्ष नव्हतं.

"घर वाचलं ना, मावशी? मग असा चेहरा का?"

"घर वाचलं," मावशी म्हणाली. "पण मी काल शेजारी तिच्याकडे गेले, तर ती म्हणते, आता मी काय बघू? रागाने नाही म्हणाली. साधं विचारलं. मी उठून आले." तिने पदराने डोळे पुसले. "त्या दिवशीसुद्धा मी तिच्याकडेच बसले होते. तुझ्या पाण्याच्या दिवशी. गप्पांत इतकी रंगले की गॅसवर ठेवलंय हेच विसरले. घरी आले तर पातेल्यात तळाला एवढुसं उरलेलं. नशीब, तुझी बाटली लहान होती."

भाचीने चहाचा गॅस बंद केला. "कुठलं पाणी, मावशी? पातेल्यात कुठलं पाणी होतं?"

"तळघरातलंच की. तुझ्या बाटलीचं."

"ते तू गॅसवर ठेवलंस?"

"मग काय तसंच घाण पाणी पाठवायचं मोठ्या प्रयोगशाळेत? तिथली माणसं काय म्हणाली असती?" मावशी दुखावली होती. "दोनदा गाळलं, चांगलं खळखळून उकळलं, निववलं, मग काठोकाठ भरलं. तुझा बुडबुडा नाही राहू दिला."

भाची मटकन खुर्चीत बसली. पातेलंभर पाणी उकळून आटलं, हलकं सगळं वाफेबरोबर उडून गेलं, आणि तळाला जड तेवढं राहिलं. तळ्यात उन्हाने जे महिनाभर व्हायचं, ते मावशीच्या गॅसवर दोन बायकांच्या गप्पांत झालं होतं. यंत्राने काही खोटं सांगितलं नव्हतं. पाणी उकळलेलं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तळ्याहून जड पाणी समोर आलं, तेव्हा जिने विचारायला हवं होतं, ती सुटकेचा निःश्वास टाकत बसली होती.

तिने मावशीला सगळं सांगितलं. आपली समजूतसुद्धा. सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशीने टेबलावरच्या कापडाची घडी केली. मग म्हणाली, "म्हणजे पाणी तळ्याचं नाही."

"ते आता सांगता येत नाही. तळ्याचं असेल, नळाचं असेल…"

"किंवा जमिनीचं."

"किंवा जमिनीचं. पुन्हा मोजायला लागेल." आणि मग भाचीच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, तपासनीसाला यातलं अजून काहीच माहीत नाही. तू म्हणशील तर…"

तिला वाक्य पुरं करता आलं नाही. मावशीने तिच्याकडे अशी नजर टाकली की ती लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालताना पकडल्यासारखी गप्प झाली.

"मुंगे, मी शाळेत मुलींना काय सांगायचे? कापायच्या आधी दोनदा माप घ्या. आपण एकदाच घेतलं, तेही चुकीचं, आणि कात्री चालवली दुसऱ्याच्या कापडावर." ती उठली, चप्पलसुद्धा न घालता बाहेर गेली आणि फाटकातूनच ओरडली, "अहो घड्याळवाले! बंद करा तो पंप!"

पंपाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हा मावशी, जी चिखलाचा एक शिंतोडा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, साडी वर खोचून सरळ चिखलात उतरली आणि तिने वायर खेचून काढली. एकदम शांत झालं. खिडकीतली मान इकडे वळली.

"मी पाणी उकळलं होतं," मावशीने खिडकीकडे बघून सांगितलं. "तुझ्याशी बोलत बसले होते ना, तेव्हा. त्याच्यामुळे सगळं उलटं आलं. तुमच्या तळ्यावर उगाच आळ आला."

"पण मग तुमचं घर?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"ते बघू मोजल्यावर. तळ्याचंच निघालं तर मी स्वतः बादल्या धरायला येईन. पण न मोजता नाही."

काकू खिडकीतून मावशीकडे एकटक बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "अगं, तुझी साडी." आणि दोघी एकदम हसायला लागल्या, आणि हसता हसता मावशी चिखलात उभ्या उभ्या रडली.

या वेळी भाची तळघरातच झोपली. सकाळी भिंतीच्या फटीतून पाणी आलं तेव्हा तिने स्वतः बाटली भरली. दोन भरल्या. मावशी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. खाली यायची तिची छाती होत नव्हती. "गढूळ आहे ना फार?" तिने विचारलं.

"गढूळच हवं, मावशी."

प्रयोगशाळेत आकडे आले तेव्हा भाचीने ते पुन्हा काढले. दुसऱ्या बाटलीतून काढले. आपलं यंत्र कधी नव्हे ते बिघडावं अशी मनोमन प्रार्थनाही केली. यंत्र बिघडलं नाही. तळघरातलं पाणी विहिरीच्या पाण्याशी तंतोतंत जुळत होतं. जमिनीखालचंच होतं ते.

मावशीला फोनवर सांगायचा तिला धीर झाला नाही. ती गाडी पकडून गेली. मावशी दारातच होती. भाचीला येताना बघूनच तिला कळलं. "विहीर?" तिने विचारलं. भाचीने मान हलवली. मावशीने दाराच्या चौकटीला हात लावला, आणि म्हणाली, "चल, आत ये, भूक लागली असेल." तपासनीसाला फोन मात्र तिने स्वतः लावला.

सामान बांधायला घड्याळवाले रोज येत होते. चौथ्या मजल्यावरच्या भाचीच्या घरात काय मावेल आणि काय नाही, यावरून मावशीने तिच्याशी भांडण काढलं, हरली, आणि शिवणाचं मशीन तरीही नेलं. निघायच्या दिवशी काकूंचा निरोप घ्यायला गेली ती लगेच बाहेर आली. आत काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही आणि भाचीने विचारलं नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "दर रविवारी मला इकडे आणून सोडायचं. कबूल?"

"कबूल."

पहिल्याच रविवारी बस रखडली. घड्याळवाल्यांच्या फाटकाशी पोचेपर्यंत दुपार कलली होती. मावशीचं घर दारावर खात्याचं सील घेऊन उभं होतं. मावशीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि फाटकाची कडी काढून पिशवी उचलायला लागली. भाची पुढे होऊन तळ्याशी गेली. तळं पुन्हा काठोकाठ भरलं होतं. मासे मोकळे फिरत होते, कमळांनी नवी पानं धरली होती. तिच्या मनावरचं ओझं थोडं तरी उतरलं. निदान हे तरी काकूंना परत मिळालं, असं म्हणत तिने खिडकीकडे पाहिलं.

खिडकीत कुणी नव्हतं. पलंग तिथून हलवलेला होता.

ती घाबरून आत धावली. घड्याळवाले दारातच भेटले. "काही झालेलं नाही, काही झालेलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पलंग फिरवून घेतला तिने. परवाच. मी म्हटलं, अगं, तिकडून फक्त फाटक दिसतं, तळं दिसणार नाही. तर म्हणाली, तळं कुठे जातंय? सकाळपासून मला सारखी विचारतेय, किती वाजले. घरात इतकी घड्याळं, पण तिला एकाचाही भरवसा नाही."

समोरच्या खिडकीशी काकू उशांना टेकून बसल्या होत्या. भाची आली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांची मान फाटकाकडे वळलेली होती, आणि फाटकातून मावशी पिशवी सावरत, धापा टाकत येत होती.

"उशीर केलास," काकू मोठ्याने म्हणाल्या.